आदल्या रात्रीचा मुक्काम

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या माहितीपत्रकावर प्रस्थानाचं ठिकाण म्हणून ‘रोम’ छापलेलं असतं. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात आणखी एक नाव असतं: चिविताव्हेक्किया. सहल ठरवणाऱ्याने नीट वाचायचं ते हे दुसरं नाव. रोम शहराला समुद्रकिनाऱ्यावरचा धक्का नाही. जहाज सुटतं ते बंदर शहराच्या वायव्येला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. फ्युमिचिनोचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्याजवळ. विमान उतरतं एका जागी, पाहायचं शहर दुसऱ्या जागी आणि जहाज तिसऱ्या. या त्रिकोणात आदल्या रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत सगळ्यात शेवटी निघतो. तोवर विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, जहाजावरची केबिन ठरलेली असते, आणि मग कुणीतरी म्हणतं, “एकच तर रात्र आहे, कुठेही राहू.” त्या एका रात्रीवर पुढचे सात दिवस अवलंबून असतात.

हा त्रिकोण तयार झाला तिबर नदीच्या गाळामुळे. फ्युमिचिनोला विमान खाली येताना खिडकीशी जागा मिळाली, तर धावपट्ट्यांच्या जवळच एक षट्कोनी तळं दिसू शकतं. सहाही बाजू सरळ, सारख्या लांबीच्या. नैसर्गिक तळं असं नसतं. सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही गोदी. तिची एकेक बाजू साडेतीनशे मीटरहून लांब आहे. त्याच्या आधी, इ. स. ४२ च्या सुमारास, सम्राट क्लॉडियसने याच जागी बंदराचं काम काढलं होतं. रोमला इजिप्तहून आणि उत्तर आफ्रिकेतून धान्य लागायचं आणि नदीच्या मुखाशी असलेलं जुनं ऑस्तिया त्याला पुरं पडत नव्हतं. पण तिबर गाळ आणत राहिली, किनारा पुढे सरकत राहिला. आज ती गोदी समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत, झाडीत आहे. ऑस्तियाचे अवशेषही तसेच जमिनीत आत राहिले आहेत.

ट्राजनने एकाच बंदरावर भिस्त ठेवली नाही. नदीपासून दूर, खडकाळ किनाऱ्यावर त्याने दुसरं बंदर उभारलं. त्याचं तेव्हाचं नाव सेंटुमसेले. तेच आजचं चिविताव्हेक्किया. रोमन लेखक धाकटा प्लिनी सम्राटाचा पाहुणा म्हणून तिथल्या वाड्यात उतरला होता, आणि त्याने एका पत्रात हे काम चालू असतानाचं वर्णन केलं आहे. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला एक बेट तयार केलं जात होतं. रुंद पडावांवरून प्रचंड दगड आणायचे आणि समुद्रात लोटायचे. ते आपल्याच वजनाने एकावर एक बसत जायचे. त्या दगडांवर लाटा आपटून फुटत आणि सगळा परिसर पांढरा होऊन जाई. मोठी नदी नसल्यामुळे हे बंदर गाळाने भरलं नाही. म्हणूनच तीनशे मीटरहून लांब, हजारो प्रवाशांची जहाजं आज तिथे लागू शकतात, आणि अलीकडच्या वर्षांत दरवर्षी तीस लाखांहून अधिक क्रूझप्रवासी या बंदरातून ये-जा करतात. तुमचं जहाज रोमपासून इतक्या लांब उभं असण्याचं कारण एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या निर्णयात आहे.

आता मुक्कामाकडे वळू. माझं मत आधीच सांगून टाकतो: रोम पोटभर पाहा, तीन दिवस, चार दिवस, जमतील तितके, पण शेवटची रात्र चिविताव्हेक्कियात काढा. रोम आधी, बंदर नंतर, आणि त्यांच्यामधला प्रवास आदल्या दिवशी, उजेडी.

याचं मुख्य कारण जहाजाच्या शिस्तीत आहे. सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी प्रवाशांना आत घेणं थांबतं. नेमकी वेळ प्रत्येक कंपनी तिकिटावर देते. त्यानंतर प्रवाशांची अंतिम यादी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे जाते, शिड्या काढल्या जातात, पायलट चढतो. स्वतः काढलेल्या विमानाने किंवा रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला उशीर झाला, तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. मग स्वखर्चाने पुढचं बंदर गाठायचं. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर व्हिसाचा प्रश्नही उभा राहतो. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. क्रूझ चुकली तर दुसरी नसते.

त्यात इटलीतला संप. ‘शोपेरो’ हा शब्द तिथल्या स्टेशनांवरच्या फलकांवर अधूनमधून झळकतो. संप बहुतेक वेळा आधी जाहीर करून होतो, तारखा प्रसिद्ध होतात, आणि नियमाप्रमाणे कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. नोकरदारांची त्यात सोय होते. पण जहाजात चढायची वेळ पाहा: बहुतेक जहाजांवर सकाळी अकरा-बारा ते दुपारी तीन-चार. म्हणजे संपाच्या दिवशी गाडीची हमी नसते नेमक्या त्या वेळात तुम्हाला रोमहून निघायचं असतं. त्या दिवशी टॅक्सीलाही रांग लागते, आणि रोमहून बंदरापर्यंतच्या खासगी गाडीचं भाडं शंभर युरोंच्या बरंच पुढे जातं. आदल्या रात्री बंदराच्या गावी असलेल्या माणसाला या संपाची बातमी फक्त वाचायची असते.

विमानाच्या बाजूनेही अनिश्चितता आहे. मुंबई-पुण्याहून जाणारे बरेच जण आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलतात. पहिल्या विमानाला उशीर झाला की दुसरं हुकतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत बाहेरून येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे पारपत्राच्या रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा कमी झाला आहे. आणि सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे आपण पोचलो, बॅग पोचली नाही. हाताशी एक-दोन दिवस असले, तर विमान कंपनी बॅग हॉटेलवर आणून देते. त्याच दिवशी जहाजात चढलात, तर ती बॅग बंदरामागून बंदरं तुमच्या मागे फिरते. औषधं तिच्यात असली तर काय, याचा विचार घरातल्या ज्येष्ठांसाठी आधीच करायला हवा.

जहाजावर काम करणाऱ्यांचं पाहा. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, आणि गोव्याची, कोकणातली, वसई-मुंबईची पुष्कळ माणसं या जहाजांवर स्वयंपाकघरापासून इंजिनापर्यंत नोकरीला असतात. नव्या करारावर रुजू होणाऱ्या माणसाला कंपन्या सहसा एक दिवस आधीच बंदराच्या गावी आणतात, हॉटेलात उतरवतात आणि सकाळी धक्क्यावर नेतात. ज्यांचा हा धंदा आहे ते आपल्या माणसांना त्याच दिवशीच्या विमानावर सोडत नाहीत. ज्याने वर्षभराची बचत या सहलीत घातली आहे, त्याने तरी का सोडावं?

तरीही रोममध्येच राहायचं असं कुणी ठरवलं, तर निदान कुठे राहायचं हे रेल्वेच्या नकाशावरून ठरवावं. रोमहून चिविताव्हेक्कियाला जाणारी प्रादेशिक गाडी टर्मिनी या मुख्य स्टेशनहून निघते आणि ऑस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे, सान पिएत्रो या स्टेशनांवर थांबत शहराबाहेर पडते. पुढे लादिस्पोली, सांता सेव्हेरा, सांता मारिनेल्ला करत किनाऱ्याने बंदराच्या गावी पोचते. सान पिएत्रो स्टेशन सेंट पीटर्सच्या घुमटापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. व्हॅटिकन पाहून झालं की तिथूनच गाडी पकडता येते, आणि सामान घेऊन टर्मिनीच्या गर्दीत शिरावं लागत नाही. टर्मिनीजवळ हॉटेलं पुष्कळ, म्हणून आपले बहुतेक लोक तिथेच उतरतात. पण या मार्गाच्या गाड्या तिथे बरेचदा पंचविसाच्या पुढच्या फलाटांवरून सुटतात, आणि मुख्य दालनापासून तिथवर बॅगा ओढत जाणं म्हणजे दहा मिनिटांची पायपीट. वेळ हातात ठेवा. तिकीट पाच युरोंच्या आसपास. कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यायचा. तिकीट खिशात आहे आणि शिक्का नाही, अशा प्रवाशालाही दंड होतो. मोबाइलवरच्या तिकिटाचे नियम वेगळे. ते ॲपमध्ये वाचून घ्यावेत.

नकाशा पाहून फसण्याची जागा म्हणजे ऑस्तियाचा किनारा आणि फ्युमिचिनो गाव. दोन्ही समुद्रावर. चिविताव्हेक्कियाही समुद्रावर. मग वाटतं, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की झालं. पण या दोन्ही ठिकाणांहून बंदराकडे जाणारी सरळ रेल्वे नाही. ऑस्तियाच्या समुद्रकाठाहून निघणारी गाडी रोममध्ये आणून सोडते. तिथे ऑस्तिएन्से स्टेशनवर गाडी बदलायची आणि पुन्हा समुद्राकडे यायचं. ठाण्याला राहून बोरिवलीला गाडी पकडायला निघालेल्या माणसाला लोकलने दादर गाठावं लागतं, तसाच हा प्रकार. फ्युमिचिनो गावाला तर आता स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. आहे ते विमानतळाला. विमान मध्यरात्रीच्या सुमारास उतरत असेल आणि बरोबर लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील, तर विमानतळालगतच्या हॉटेलात ती रात्र काढणं शहाणपणाचं; पण जहाज दुसऱ्याच दिवशी असू नये. विमानतळाहून बंदराला जायचं तर सहसा त्रास्तेव्हेरेला गाडी बदलावी लागते. लिओनार्दो एक्स्प्रेस नावाची चकचकीत गाडी ३२ मिनिटांत न थांबता थेट टर्मिनीला नेते, म्हणजे बंदराला जाणाऱ्याच्या दृष्टीने उलट्या दिशेला आणि जास्त पैशांत.

बंदराच्या अलीकडे, गाडीने दहा-एक मिनिटांवर, सांता मारिनेल्ला आहे. ज्यांना गावापेक्षा समुद्र हवा, त्यांनी हे जरूर विचारात घ्यावं. स्टेशनवरून उतरून थोडं चाललं की वाळू. चित्रपट दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी आणि अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन यांचं घर इथे होतं. मार्कोनीने १९३०च्या दशकात आपले रेडिओलहरींचे प्रयोग इथल्याच किनाऱ्यावरच्या एका बुरुजापाशी केले. लहान मुलं बरोबर असतील तर एक संध्याकाळ पाण्यात घालवून सकाळी दहा मिनिटांत बंदर गाठता येतं, आणि गाडी बंद असलीच तर टॅक्सीचं अंतरही दहा किलोमीटरच्या आत आहे. फक्त १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस टाळावेत. तेव्हा सगळा इटली समुद्रावर असतो. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावाने. ज्यांना प्राचीन गोष्टींची ओढ आहे त्यांच्यासाठी याच रेल्वेमार्गाजवळ चेर्व्हेतेरी आहे, आणि चिविताव्हेक्कियाच्या पुढे थोड्या अंतरावर तार्क्विनिया. रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांसाठी ही दोन्ही गावं २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तार्क्विनियाच्या भूमिगत थडग्यांच्या भिंतींवर मेजवान्या, नाच, मासेमारी रंगवलेली आहे. हाताशी दोन रात्री असतील, तर एक पूर्ण दिवस यासाठी द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

आता खुद्द चिविताव्हेक्किया. या गावाबद्दल प्रवाशांची तक्रार ठरलेली असते: पाहण्यासारखं काही नाही. ही तक्रार जुनी आहे. ‘द रेड अँड द ब्लॅक’ लिहिणारा स्टेंढाल १८३१ पासून इथे फ्रान्सचा वाणिज्यदूत होता आणि जमेल तेव्हा रोमला किंवा पॅरिसला निघून जायचा. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाने गावाची दैना केली. १४ मे १९४३ रोजी पहिला मोठा बाँबहल्ला झाला, पुढे आणखी झाले, आणि जुन्या गावाचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला. समोर दिसणाऱ्या साध्या, चौकोनी इमारती त्यानंतरच्या आहेत. हे कळलं की त्या इमारतींकडे बघण्याची नजर बदलते.

बंदराच्या तोंडाशी असलेला किल्ला मात्र उभा आहे. पोप दुसरे ज्युलियस यांनी १५०८ साली त्याचा पाया घातला. आराखडा वास्तुकार ब्रामान्तेचा, आणि मुख्य अष्टकोनी बुरुजाशी मायकेलअँजेलोचं नाव जोडलेलं आहे, म्हणून किल्ल्यालाही त्याचंच नाव. स्टेशनाबाहेर पडून समुद्राला डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं की हा किल्ला येतो. संध्याकाळी त्या वाटेवर गावातली माणसं फिरायला निघालेली असतात, आजी-आजोबा, बाबागाड्या, सायकली. कठड्याशी उभं राहिलं की बंदरात दिवे लागलेली जहाजं दिसतात. त्यात बहुधा सार्डिनियाला जाणारी रात्रीची फेरीबोट असते. उद्या टॅक्सी केलीत तर चालक विचारेल, “त्राग्येत्तो की क्रोच्येरा?” फेरीबोट की क्रूझ. दोघांची फाटकं वेगळी, तेव्हा उत्तर क्रोच्येरा.

या गावात एक जागा अशी आहे की, तिच्यासाठी मराठी माणसाने इथे एक रात्र काढावीच. जपानी हुतात्म्यांचं चर्च. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवण्यात आलं. त्यांच्या स्मरणार्थ हे चर्च आहे. चिविताव्हेक्कियाचा जपानशी संबंध खूप जुना: १६१५ साली हासेकुरा त्सुनेनागा हा जपानी सामुराई वकील पोपच्या भेटीसाठी रोमला आला तो याच बंदरात उतरून. महायुद्धानंतर, १९५०च्या दशकात, लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने चर्चच्या भिंती रंगवल्या. वेदीमागची मेरी जपानी पोशाखात आहे.

त्या २६ जणांत एक वसईचा होता, गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. तरुणपणी तो धर्मप्रसारकांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे, गासला त्याचं चर्च आहे. वसईचा मुलगा, मृत्यू जपानात, आणि स्मारक रोमच्या बंदरात. हे चर्च पर्यटकांच्या यादीत क्वचितच असतं आणि सकाळच्या घाईत पाहून होत नाही. दुपारी काही तास बंद असतं, म्हणून संध्याकाळ धरावी.

जेवणाबद्दल थोडं. उपाहारगृहं रात्रीच्या जेवणासाठी साडेसातच्या आधी सहसा उघडत नाहीत. आपल्याकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवशी सातलाच भूक आणि झोप दोन्ही अनावर होतात. तेव्हा तुकड्यावर, वजनाने पिझ्झा विकणारं दुकान हेरून ठेवावं. ती दुपार-संध्याकाळ उघडी सापडतात. शाकाहारी माणसाला ‘मारिनारा’ हे नाव ऐकून मासळीची शंका येते. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल असतं, चीजही नसतं. उलट निरुपद्रवी वाटणाऱ्या भाजीच्या पदार्थात अँचोव्ही नावाचा खारवलेला मासा असू शकतो, आणि पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवर तयार होतं. “सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे” म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे चार शब्द पाठ करून ठेवले की काम भागतं. मासे खाणाऱ्यांनी मात्र इथलं माशाचं कालवण, झुप्पा दी पेशे, चुकवू नये.

खोली ठरवताना जाहिरातीतल्या ‘बंदरापासून पाचशे मीटर’ या वाक्यावर जाऊ नका. बंदर काही किलोमीटर लांब पसरलेलं आहे, आणि कुठल्या फाटकापासून पाचशे मीटर हे कुणी लिहीत नाही. तुम्हाला लागणारी जागा लार्गो देल्ला पाचे. क्रूझप्रवाशांना जहाजांच्या धक्क्यापर्यंत नेणाऱ्या बसगाड्या तिथून सुटतात. धक्के आत, लांब बांधावर आहेत आणि चालत जाण्यासारखे नाहीत. म्हणून नकाशात हॉटेलपासून लार्गो देल्ला पाचेपर्यंतचं चालीचं अंतर मोजा. स्टेशन आणि ही जागा यांच्यामध्ये, समुद्राला समांतर जो पट्टा आहे, त्यात खोली मिळाली तर उत्तम: आदल्या दिवशी स्टेशनवरून चालत हॉटेल, दुसऱ्या दिवशी हॉटेलवरून चालत बस.

मग हॉटेलवाल्याला विचारायच्या गोष्टी. लिफ्ट आहे का, आणि तिच्यात मोठी बॅग मावते का? जुन्या इमारतीतल्या छोट्या मुक्कामघरांत लिफ्ट बेताचीच असते. शिवाय इटलीत पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा हे खरं, पण मध्ये एखादा अर्धा मजलाही निघतो. किल्ली द्यायला माणूस किती वाजेपर्यंत असतो? अशा छोट्या मुक्कामघरांत बरेचदा रात्री आठनंतर कुणी नसतं, आणि विमानाला उशीर झालेला पाहुणा दाराबाहेर राहतो. सकाळी खोली सोडल्यावर दोन तास सामान ठेवता येईल का? समुद्राकडच्या खोलीत फेरीबोटींचा आवाज येतो का? पारपत्र सगळ्यांचं मागतील. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे देणं तिथल्या हॉटेलांना बंधनकारक आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पर्यटक कर बरेचदा भाड्यात धरलेला नसतो, रोख मागतात. सुटे युरो जवळ हवेत. जहाजाने दिलेल्या बॅगेच्या चिठ्ठ्या शक्यतो इथेच, सकाळी, बॅगांना लावून घ्याव्यात.

व्हिसाचा अर्ज भरताना या रात्री विसरू नका. शेंगेन व्हिसाच्या प्रवासक्रमात क्रूझच्या आधीचा आणि नंतरचा प्रत्येक मुक्काम दाखवावा लागतो. जहाज तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाऊन परत इटलीत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा रद्द करता येणारी खोली आधीच आरक्षित करून ठेवावी.

ही सगळी मांडणी एका बंदराची झाली, पण मोठ्या शहराच्या नावाने विकली जाणारी बंदरं आणखीही आहेत. लंडनसाठी साउदॅम्प्टन, बर्लिनसाठी दोनशे किलोमीटरहून दूर असलेलं वार्नेम्युंडे. व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, आणि व्हेनिसच्या नावावर विकल्या जाणाऱ्या काही क्रूझ आता दीडेकशे किलोमीटरवरच्या रावेन्नाहून निघतात. तिथे आदल्या रात्री व्हेनिसमध्ये राहणं म्हणजे वापोरेत्तो (तिथली जलबस), रेल्वे आणि टॅक्सी या तिन्हींवर एकाच सकाळी विसंबणं. बार्सिलोनाची गोष्ट वेगळी; बंदर शहराच्या पायथ्याशीच आहे, तिथे शहरात कुठेही राहा.

मुंबईही बार्सिलोनासारखीच. इथलं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीपासून दोनेक किलोमीटरच्या आत. नागपूर, नांदेड, कोल्हापूरहून येणाऱ्याने उपनगरातल्या नातेवाइकांचा आग्रह प्रेमाने बाजूला ठेवून आदली रात्र फोर्टमध्ये किंवा सीएसएमटीच्या आसपास काढावी. रविवारचा मेगाब्लॉक जहाजाला माहीत नसतो. विमानाने येणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून विमानतळाहून सीएसएमटीपर्यंत थेट मेट्रो आहे.

रोमची क्रूझ असो की बॅलार्ड पिअरची, तिकीट हाती आलं की त्यावर शहराच्या नावाऐवजी टर्मिनलचं नाव शोधा, नकाशात त्याच्यापासून चालत जाता येईल असं एखादं हॉटेल बघा आणि ती एक रात्र सगळ्यात आधी आरक्षित करा. विमान, रोम, बाकीचे मुक्काम हे सगळं त्या रात्रीच्या अलीकडे बसवा.